पलंगाखालचं गाव

सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या सोसायटीत चार खान्देशी बायका पापड लाटायला बसल्या, की पापड होतात कमी आणि किस्सेच जास्त. त्यातले निम्मे जिजींचे निघतात, त्याला मी तरी काय करू!

जिजी म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. हयात सुरतेत गेली, नातवंडं गुजरातीत भांडतात. पण कुणीही "तमे क्यांना?" विचारलं, की उत्तर एकच, "अमळनेर!"

एकदा दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "क्यांथी आव्या?"

"अमळनेर!"

बाई एवढ्या लांबून आल्या म्हणून त्या बिचाऱ्यानं पहिला नंबर दिला. घर तर समोरच्याच गल्लीत!

*

आमच्याकडे पाटील सर आहेत, रिटायर्ड मास्तर. त्यांची मुलगी स्मिता युगांडात एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. तिथं शाळेच्या स्वयंपाकघराला छप्परच नाही. पाऊस आला की चूल विझते आणि पोरं उपाशी घरी जातात.

सर म्हणाले, "छपरासाठी दर रविवारी स्टॉल लावू. पण विकायचं फक्त इथं पिकलेलं. ते लोक आपल्या मातीतलं खातात, आपणही खाऊ. घरीसुद्धा!"

कुणीतरी कुरकुरलं, "कुठं युगांडा, कुठं आपण!"

जिजी कडाडल्या, "पोर उपाशी असलं तर लांब काय नि जवळ काय!"

झालं, ठरलं. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणतात, "मी रोज तापीचं पाणी पितो. आणखी किती लोकल होऊ?"

*

स्टॉलवर सरांनी बोर्ड लावला, 'शंभर टक्के स्थानिक'. बाकी कशाला गिऱ्हाईक नाही, जिजींच्या भरितावर मात्र झुंबड! एका सुरती काकांनी बोटं चाटत विचारलं, "मासी, बैंगन कहाँ के हैं?"

"यहीं के! आज सवेरे तो स्टेशन पे उतरे!"

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पोतं अमळनेरहून आलं होतं.

"जिजी, बोर्डाची लाज ठेवा. इथली वांगी घ्या."

"बोर्ड बदला. भरीत बिघडलं तर त्या पोरांचं छप्पर तुम्ही घालणार का?"

*

सर काही ऐकेनात. तेव्हा जिजी आम्हा सगळ्यांना घेऊन थेट त्यांच्या घरी. "सर, जरा पलंगाखाली बघू द्या."

खाली काय नव्हतं! दादर ज्वारीचं पोतं, उडदाची डाळ, बिबड्यांचे पापड, मिरच्या, वर शेंगदाणे. सगळं गावाहून आलेलं! सर म्हणाले, "हे... हे आईनं पाठवलंय."

"मग माझी वांगी काय शत्रूनं पाठवली?"

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनीच घरी जाऊन आपापल्या पलंगाच्या चादरी खालपर्यंत ओढून घेतल्या.

*

शेवटी तोड जिजींनीच काढली. गावाहून बी मागवलं आणि गच्चीवर जुन्या टपांत लावलं. "बी गावचं, माती सुरतची. आता बोला!"

सर म्हणाले, "पण वांगं नेमकं कुठलं म्हणायचं?"

"आमची पोरं इथंच जन्मली. ती कुठली, ते आधी सांगा!"

पहिलं भरीत झालं तेव्हा चाखायला जिजीच पुढं बसल्या. इथल्या मातीत गावची चव उतरेल का, ही धाकधूक. घास घेतला, डोळे मिटले. आमचा जीव टांगणीला!

"मीठ कमी शे," अहिराणीत म्हणाल्या आणि अख्खी वाटी संपवली.

*

छप्पर झालं. स्मितानं व्हिडिओ कॉल लावला. तिकडे धो धो पाऊस आणि पत्र्याखाली पोरं जेवतायत! आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले, सर तर उघड उघड रडले. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी कॅमेऱ्यासमोर पातेलं धरलं. आत वांगीच!

जिजींनी गच्चीवरचं वांगं उंच धरून दाखवलं. बाई हसल्या, काहीतरी बोलल्या. स्मितानं सांगितलं, "जिजी, त्या विचारतायत, तुम्ही कुठल्या?"

उत्तर आम्हाला पाठ होतं. आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, "अमळनेर!"

जिजींनी आम्हाला हातानं थांबवलं. पदर सारखा केला.

"मी सुरतनी शे," त्या म्हणाल्या. "वांगं अमळनेरनं शे."