कोपरापर्यंत साबण

बाळाच्या हृदयाला भोक आहे म्हटल्यावर नणंद सगळ्यांदेखत फणकारली होती, "आमच्याकडे असलं कधी नव्हतं. खोट हिच्याच रक्तात!" शिवणकाम करणाऱ्या भावजयीने ओठांत टाचणी धरावी तसे ते शब्द धरून ठेवले.

ऑपरेशन झालं, बाळाच्या घशातली नळी निघाली, तशी नणंदबाई नटूनथटून अतिदक्षता विभागाच्या दारात हजर.

"वन्सं, आधी हात धुवा. कोपरापर्यंत."

नणंदेने खसाखसा हात धुतले.

"बांगड्या, अंगठ्या काढा. पुन्हा धुवा."

अंगठी निघता निघेना. बोटं लालबुंद झाली, नवी साडी भिजली.

"झालं बाई एकदाचं! चल, दाखव आमचं बाळ."

"आत फक्त आईला सोडतात, वन्सं," भावजय दार लोटत म्हणाली. "जिच्या रक्तात खोट आहे ना, तिलाच."