फ्लेक्सखालचा लव्हाळा

आमच्या बाळकुमच्या सोसायटीमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून एक लांबट पट्टा पडून होता. बिल्डरने नकाशात तिथे क्लबहाउस दाखवलं होतं, प्रत्यक्षात डेब्रिज टाकून निघून गेला. शेवटी ज्यांना हौस आहे त्यांनी तिथे भाजी लावावी असं मीटिंगमध्ये ठरलं. आम्ही विटा रचून, माती आणून गुडघ्याएवढे उंच वाफे केले. वाफ्यांत जे लावलं ते रडतखडत आलं. मधल्या वाटांवर कोणी काहीच लावलं नव्हतं, तिथलं मात्र दणकून आलं.

हराळी होती, केना होता, पण सगळ्यांचा बाप लव्हाळा. वरून उपटला की पात हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. आठवड्याभरात गडी पुन्हा हजर. इथे पूर्वी भातखाचरं होती, या गाठी तेव्हापासूनच्या असणार, असं आई म्हणायची. शेतं गेली, वर वीस-वीस मजले चढले आणि या खाली गप्प बसून राहिल्या. मला ते ऐकायला आवडायचं नाही.

सोसायटीतले एक गृहस्थ तणनाशक मारायच्या मागे लागले होते. माझी आई पावसात त्याच वाटांवरचा टाकळा खुडून भाजी करते, त्यामुळे मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो. भांडण मला लवकर जमतं. मग फ्लेक्सचा तोडगा निघाला. ठाण्यात नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात, वाढदिवसाचे, दहीहंडीचे, क्लासच्या निकालाचे. उतरवलेले मिळवायचे, छापील बाजू खाली करून वाटेवर अंथरायचे, कडांना विटा ठेवायच्या आणि वर नारळाची सोडणं पसरायची. उजेड मिळाला नाही की तण मरतं. छापील बाजू खाली, कारण वांगी तोडताना कोणाचे जोडलेले हात आणि पांढरे दात बघायची कोणाला इच्छा नव्हती.

आमच्याकडे माळ्यावर काही फ्लेक्स होते, पावसाळ्यात बाल्कनी झाकायला जमवलेले. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आईने कामाच्या बाईंकडून चार गुंडाळ्या काढवून दाराशी ठेवल्या. मी त्या उचलल्या, खाली नेल्या आणि आमच्या वाफ्याभोवती अंथरल्या. कशावर काय छापलंय ते पाहिलंही नाही. आमचा वाफा भिंतीकडचा शेवटचा, तिथे आमच्याशिवाय कोणाचं पाऊल पडत नाही.

आई रोज संध्याकाळी तांब्या घेऊन खाली यायची. भिंतीजवळच्या कोपऱ्यात आली की चपला काढायची आणि अनवाणी पुढे जायची. फ्लेक्स निसरडा आहे म्हणून काढत असेल, असं मी धरून चाललो. एकदा ओरडलोही, की सोडणाची काडी घुसेल पायात. "मला असंच बरं वाटतं," ती म्हणाली.

आता माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, बायको आणि मुलीसह विठ्ठलवाडीला राहायचा. आई कोणाकडे राहणार यावरून आमचं वाजलं. "दादा, तू आईला अडकवून ठेवलंयस," असं तो फोनवर म्हणाला आणि मी फोन ठेवला. पुन्हा मी केला नाही, त्यानेही केला नाही. आई त्याच्याकडे जाऊन-येऊन असायची, तिला रिक्षात बसवून मी मागे फिरायचो. कामानिमित्त मी महिन्यातून दोनदा तरी त्याच्या गल्लीवरून जायचो, चालत. अशी तीन वर्षं गेली. मग त्या दिवाळीच्या आधी एका दुपारी तो ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला.

गल्लीच्या तोंडाशी त्याच्या मित्रांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. तेराव्यानंतर तो उतरवला, पण माणसाचा चेहरा कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. आई म्हणाली, घरी घेऊन चल. मी तो माळ्यावर अगदी आत सरकवला आणि विसरलो. खरं तर विसरायची व्यवस्था केली.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला नऊ महिने लागले.

श्रावणातला रविवार होता. उन्हाने विरलेल्या त्या कोपऱ्यातल्या फ्लेक्समधून लव्हाळ्याची टोकं सुयांसारखी वर आली होती. जागोजागी भोकं. फ्लेक्स बदलावा म्हणून मी विटा बाजूला केल्या आणि कोपरा उचलला. खालून कोंदट वास आला, गांडुळं पळाली, पांढरे कोंब ताणले जाऊन तटातट तुटले. उलटलेल्या बाजूला आधी दिसली चार बोटं. एकात अंगठी. अंगठी माझी होती.

तो फोटो एका लग्नातला होता. आम्ही शेजारी उभे होतो, माझा हात त्याच्या खांद्यावर. फ्लेक्स करणाऱ्याने मला कापून टाकलं, बोटं तेवढी राहिली. मी आणखी थोडं उचललं. हनुवटीतून, गालातून, डाव्या डोळ्यातून लव्हाळा आरपार गेला होता.

मी काय केलं असेल? तो जसा होता तसा पुन्हा पालथा घातला, विटा ठेवल्या आणि वर जाऊन आंघोळ केली. आईला हे कळता कामा नये, एवढं एकच डोक्यात होतं. पोटच्या पोरावर ती रोज पाय देऊन चालत होती आणि तो तिच्या पायाखाली मी घातला होता.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. वाफ्यात काम करताना त्या कोपऱ्याकडे पाठ करवत नव्हती. ऑफिसात खुर्चीवर बसलो तरी तळव्यांना खाली काहीतरी मऊ, ओलं लागायचं. मी पाय वर घेऊन बसायला लागलो. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, पायाला काय झालंय.

शनिवारी संध्याकाळी मी आईच्या मागोमाग खाली गेलो, ती वर परतली की फ्लेक्स काढायचाच असं ठरवून. कोपऱ्यात तिने चपला काढल्या. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ती फ्लेक्सच्या कडेकडेने, विटेला पाय घासत चालत होती आणि तिचे ओठ हलत होते. आजची भाजी, गॅस सिलेंडर, गुडघा, असलं काहीतरी ती कोणाला तरी सांगत होती.

"आई, खाली काय आहे ते तुला माहीत आहे?"

"मीच दिला ना तुला," ती म्हणाली. "माळ्यावर एकटा होता. तुझ्याच्यानं काढवलं नसतं."

मी भयंकर चिडलो. "अगं, नऊ महिने तू मला त्याच्यावरून चालवलंस?"

"तीन वर्षं तू त्याच्या दारावरून चालत गेलास," ती म्हणाली. "तेव्हा नाही काही वाटलं?"

ती हे ओरडून म्हणाली नाही. मला तर वाटतं, हे वाक्य तिने फार दिवस जपून ठेवलं असावं.

"मी रोज बोलते त्याच्याशी," ती पुढे म्हणाली. "तो तुझं विचारत असेल. माझ्याकडे काय उत्तर आहे? तूच सांग त्याला काय ते."

तांब्यातलं उरलेलं पाणी तिने मिरचीला घातलं आणि ती लिफ्टकडे गेली. मी चपला काढल्या आणि भिंतीशी उकिडवा बसलो. मनात माफी होती, राग होता, त्याच्या मुलीच्या बारावीचं विचारायचं होतं. कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच, "अरे, लव्हाळा फार झालाय इथे." आवाज माझाच होता, पण भावाशी बोलतानाचा. तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.