चूळभर पाणी

म्हसळ्याच्या अलीकडच्या एका गावात सुचिता बायकांचे ब्लाऊज शिवते. तिची लेक सोनल चौथीत. शाळेतून आली की दप्तर दारातच टाकून सुरू व्हायची: कुणाच्या म्हशीला झालेलं रेडकू, बाईंची नवी चप्पल, साकवाखालचा खेकडा, एक गोष्ट संपायच्या आत दुसरी. मध्येच उठून कात्री घ्यायची, बटणांचा डबा सांडायची. मापाला आलेल्या बायका आधी हसायच्या, मग कंटाळायच्या.

अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरगी खोडकर नाही, तिला एडीएचडी आहे. मन एका जागी ठरत नाही, चारचौघांत तिला टाकून बोलू नका. सुचिताला ते पटलं. पण डॉक्टर अलिबागला, आणि दिवस काढायचे गावात. वाडीतल्या मुली सोनलला खेळायला घेईनाशा झाल्या. "माझं काय चुकलं?" ती विचारायची, आणि सुचिता मशीनचं चाक फिरवत राहायची.

म्हणून तिने ठरवलं, यंदा घरची गौर सोनल आणणार. तिथली रीत अशी, की ओढ्यावर तेरड्याची रोपं धुवायची, तोंडात चूळभर पाणी धरायचं आणि उंबऱ्यापर्यंत मुक्याने यायचं. वाटेत कुणी बोललं तर साऱ्यांनी माघारी फिरून पुन्हा ओढ्यापासून निघायचं. पुढे चालायचा मान कुमारिकेचा. लेकीने तो नीट निभावला की वाडी तिला आपली म्हणेल, एवढीच त्या आईची आशा.

श्रावणभर तिने तालीम घेतली. नवल म्हणजे पोरीला जमू लागलं. चूळ भरली की हातपायही शांत. मग कुणी दारात आलं की सुचिता नुसतं माठाकडे बोट दाखवी, आणि सोनल चूळ भरून बसे. "काय गुणाची झाली गं," बायका म्हणत. सुचिताला वाटलं, औषध सापडलं.

गौरीच्या दिवशी सोनल हातात सूप धरून सगळ्यांच्या पुढे निघाली. अर्ध्या वाटेत खंड्या तिच्या नाकासमोरून सुर्रकन गेला. तिने चूळ टाकली.

"आई, बघ बघ, मासा हाय त्याच्या चोचीत."

साऱ्या थबकल्या. शेजारच्या सखुकाकीने तोंडातलं पाणी बांधावर टाकलं. "चला बायांनो, माघारी. माझे गुडघे गेले तरी चालतील, हिचा खंड्या जेवला पायजे."

बायका खळखळून हसल्या. सखुकाकीच्या बोलण्यात विष नसतं. तेवढ्यावर निभावलं असतं. पण सुचिताची कानशिलं तापली. तिने लेकीच्या हातातलं सूप काढून जावेच्या लेकीच्या, केसरच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला ठाऊकच व्हतं. हिच्यानं काय व्हायचं न्हाय."

सोनल रडली नाही. सगळ्यांच्या मागून, अंतर ठेवून घरी आली.

दिवाळीनंतर शाळेच्या बाईंनी सुचिताला बोलावून घेतलं. "सोनल हजेरीला ओ देत नाही. गाल फुगवून बसते. परवा ठसका लागला तेव्हा कळलं, तोंडात पाणी असतं. चूळ सोडावी लागेल म्हणून मधल्या सुट्टीत डबासुद्धा उघडत नाही."

घरी आल्यावर सुचिताने तिला मशीनपाशी बसवलं. "बाय, चूक माझी व्हती. तू बोल. तुला वाटंल ते बोल."

सोनलने तोंडातलं पाणी गिळलं. "न्हाय आई. मी बोलले की सगळ्यांना माघारी जायला लागतं." मग आईलाच समजावल्यासारखं म्हणाली, "पाणी असलं की चालते मी त्यांना."

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "सुचिता, ब्लाऊज झाला का गं? हायेस का घरात?"

सोनल उठली आणि माठाकडे निघाली. सुचिताने तिचा हात धरला, ओढून कुशीत घेतलं. पुन्हा हाक आली. सुचिता ओ देईना. तोंड उघडलं असतं तर हुंदकाच बाहेर आला असता.

"आई, ओ दे ना," सोनल अगदी हळू म्हणाली. "न्हायतर ती परत आपल्याकडं यायची न्हाय."