तिफणीची रीत

बाईला वावर मिळत नाही ही रीत वाडवडिलांपासूनची आहे, असं आमच्या गावात सांगतात. साफ खोटं. ती माझ्या डोळ्यांदेखत जन्मली.

नवरा गेला तेव्हा थोरल्या दिरानं नाल्याकाठचं वावर माझ्या वाट्याला टाकलं. त्यात कुंदा माजला होता. त्या गवतापुढं बैल थकायचे, म्हणून ते कुणालाच नको होतं. मी उन्हाळाभर कुदळीनं मुळं खणून काढली. तळहातांची सालटं निघाली.

मग विलायतेला आपला कापूस हवासा झाला आणि मूर्तिजापूरच्या वाटेवर बैलगाड्यांची रीघ लागली. त्या साली दीर स्वतःहून तिफण घेऊन माझ्या वावरात आला. म्हणाला, "तू मांगून सरकी सोड, तिफण मी हाकतो." पेरताना पुरुषानं तिफण हाकायची आणि बाईनं मागून बी सोडायचं, हे सगळीकडेच चालायचं. मला वाटलं, त्याला माझी कीव आली.

बोंडं फुटली तेव्हा त्यानं पंच बसवले. "पेरणी माही, त वावर माहं. बाईले तिफण हाकता येते का कधी?" पंचांनी माना डोलावल्या. कापूस वेचायला मात्र मलाच बोलावलं, मजुरीवर.

पुढं मी म्हातारी झाल्यावर शेजारची पोर विधवा झाली आणि वावर मागायला पंचांपुढं उभी राहिली. पंच म्हणाले, "रीत जुनीच हाय, बाई. इचार त्या म्हातारीले, तिचंबी असंच गेलं."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. माझं गेलंच होतं. नाही कसं म्हणणार?