इस्त्रीमास्तरांनी गाळलेलं वाक्य

कोर्टात त्यांना सगळे इस्त्रीमास्तर म्हणत. कपड्यांशी काही संबंध नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून कितीही चोळामोळा बोलो, मास्तर ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवून घेत, आणि टाइप करताना असं कडक करीत की घडी मोडायला जीव होऊ नये. अडखळणं, "म्हणजे बघा", "काय ते", सगळं गळून पडे. न्यायाधीश खूश. बायको मात्र म्हणे, "मी शिंकले तरी ती शिंक नीटनेटकी करून लिहाल तुम्ही."

निवृत्तीनंतर त्यांनी कोर्टाच्याच भिंतीला टेबल लावलं. लोकांचे अर्ज टाइप करून देत. बोटं चालू असली की बरं असे. बोटं थांबली की रखवालदार बोलायला लागे.

रखवालदार मरून तीन वर्षं झाली होती. गोदामातल्या मारहाणीचा तो एकमेव साक्षीदार. हातातली टोपी पिळत, खोकत म्हणाला होता, "चाल त्याचीच वाटली, साहेब. लंगडत होता. तोंड काही दिसलं नाही बघा. आता तोच असेल, काय सांगावं." मास्तरांनी टाइप केलं, 'मी आरोपीस त्याच्या लंगडत्या चालीवरून ओळखले.' वाचून दाखवलं तेव्हा म्हातारा गोंधळला. मग म्हणाला, "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल." अंगठा उठवला. आरोपीचा वकील फुकटातला, तो घड्याळ बघत होता. दहा वर्षांची सजा लागली त्या आरोपी पोराला.

एका सकाळी एक बाई वकिलाच्या हातचा कच्चा अर्ज घेऊन आली. वरचा खटल्याचा नंबर मास्तरांनी बघताच ओळखला. गोदामाचाच खटला.

"भावाचं अपील आहे," बाई म्हणाली. "काका, हा इंग्रजी शब्द काय हो? वकीलसाहेब घाईत होते."

तिच्या बोटाखाली, 'रखवालदाराची साक्ष' याच्या पुढे, शब्द होता, डिस्टॉर्टेड.

"पिळवटलेलं," मास्तर म्हणाले. "चमच्याच्या पाठीत तोंड बघा, कसं दिसतं? तसं. फाटक्या कर्ण्यातनं आवाज येतो, त्यालाही हेच म्हणतात. हाड वाकडं बसलं तरी म्हणतात. आणि कुणाचं बोलणं भलतंच करून मांडलं, तरीही."

"म्हणजे खोटं लिहिलं?"

"खोटं नाही, ताई. खोटं पकडता येतं. ह्यात शब्द त्याच माणसाचे असतात."

"मग पकडायचं कसं? साक्षीदार तर गेला वर. वकील म्हणतात, पुरावा असता तर आज सुटला असता."

"दुपारी या," मास्तर म्हणाले.

पुरावा त्यांच्या घरी पेटीत होता. जुन्या वह्या, त्यांच्याच वळणाची लघुलिपी, दुसऱ्या कुणाला वाचता न येणारी. ते पान सापडलं. वाक्यं सगळी होती. मध्येमध्ये खोकल्याचीसुद्धा खूण होती. मास्तरांनी पान वाचलं आणि खोलीत कुणीतरी खोकलं.

"तू खोकलीस का गं?"

"मी कशाला खोकू?" बायको दारात आली. वही बघून सगळं समजली. "पेन्शन जाईल ना?"

"जाईल कदाचित."

"चूल काय लघुलिपीवर पेटवू?" ती म्हणाली. पण वही हिसकावून घेतली नाही.

दुपारी टेबलावर वही उघडी ठेवून त्यांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. 'सदर वाक्य अनवधानाने राहून गेले.' कागद झकास दिसत होता. कडक. पाठीमागे, अगदी कानाशी, टोपी पिळल्यासारखा आवाज झाला. मागे नुसती भिंत. मास्तरांनी कागद ओढून फाडला, नवा चढवला. 'साक्षीदार म्हणाला, तोंड काही दिसलं नाही. ते मी ऐकलं, उतरवलं आणि टाइप करताना मुद्दाम गाळलं. त्याने वाक्य बिघडत होतं.'

बाई आली. शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचू लागली. बोट थांबलं.

"हे तुम्ही?"

"मी."

तिने "वाक्य बिघडत होतं," एवढंच पुन्हा मोठ्याने वाचलं आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. मास्तरांनी सही केली. तिने कागद घेतला, वही छातीशी धरली.

"कोर्टात ही वाचायला तुम्हीच लागाल ना?"

"दुसऱ्या कुणाला यायची नाही."

"मग तोवर मरू नका," ती म्हणाली आणि वकिलाच्या खोलीकडे चालू लागली.