तेरवीनंतरचा कंप्रेसर

नवरा गेला तेव्हा फुलचूरमधलं आमचं वर्कशॉप तेरा दिवस बंद होतं. घराच्या मागेच ते. दुचाक्यांचं डेंटिंग-पेंटिंग चालायचं. त्या तेरा दिवसांत गल्लीला शांततेची सवय लागली. चौदाव्या दिवशी वर्कशॉपमधल्या मिस्त्रीने रंगाच्या फवाऱ्याला हवा देणारा कंप्रेसर सुरू केला आणि तासाभरात शेजारच्या काकी दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी काकांना लकवा झालेला. दुपारी कसाबसा त्यांचा डोळा लागे.

"तेरवीपर्यंत मी काई बोलली नाही वं," काकी म्हणाल्या. "आता आठ दिवसांत ते मशीन हलव. नाहीतर मी तक्रार करीन."

हलवायला दुसरी जागा नव्हती. म्हणजे बंदच करायचं. नवऱ्याने उभं केलेलं तेवढंच एक चालू उरलं होतं.

आवाज दाबायला मिस्त्रीने गावाकडून धानाचं तणस, म्हणजे भाताचा वाळलेला पेंढा, आणलं. आंबे असोत की काचेची भांडी, इकडे सगळं तणसातच गुंडाळतात. त्याने कंप्रेसरभोवती छातीएवढा ढीग रचला. अर्ध्या तासात मोटर चटका बसेल इतकी तापली; आवाज तसाच भकभकत राहिला.

"भाभी, कंप्रेसर हाय, सिलाई मशीन थोडीच हाय," तणस ओढून काढत तो म्हणाला.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथून यंत्रांवरचं एक जुनं पुस्तक आणलं आणि सावकाश वाचलं. पिस्टन ज्या तोंडातून हवा ओढतो, मोठा आवाज तिथून येतो, असं त्यात होतं. चालू कंप्रेसरच्या त्या तोंडावर मी क्षणभर तळहात धरला. भकभक एकदम दबली. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतः हात धरून पाहिला.

आधी आम्ही तिथे बारीक पाइप जोडला. हवा अपुरी पडली, मोटर कण्हायला लागली, टाकी भरेना. मग ट्रॅक्टरचा रुंद रबरी पाइप लावला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला रंगाचा मोठा रिकामा डबा, आतून गादीच्या फोमचं अस्तर लावलेला. हवा डब्याच्या बाजूच्या भोकातून येऊन वळत पाइपात जाणार. फोमचा चुरा आत जाऊ नये म्हणून फिल्टर कंप्रेसरच्या तोंडावरच ठेवला. "भोक मोठं पाड," मी तीनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मशीन सुरू केलं. मिस्त्री एका स्कूटरवर रंग मारत होता तेवढ्यात काकी आल्या.

"काऊन वं, आज काम बंद हाय का?"

मिस्त्रीने फवाऱ्याची गन वर करून दाखवली. काकी डब्यापाशी वाकल्या, कान लावून उभ्या राहिल्या.

"मोटरचा घुर्र येऊन राहिला अजून."

"तेवढा येईल, काकी."

"तेवढा चालते. तुझे काका घोरतात त्याच्याहून कमीच हाय." पदर सावरत त्या निघाल्या. "राहू दे इथंच."

संध्याकाळपर्यंत गल्लीतले आणखी दोघं डबा पाहायला आले. मी एरवी फारशी बोलत नाही. त्यांना मात्र सगळं समजावलं, त्यांनी न विचारलेलंसुद्धा.