आपल्या हाताचा काढा

मंदारचा फोन आला तेव्हा मी अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी राहून अडुळशाची पानं खुडत होते. दुपारचे तीन वाजले असतील. वहिनी रत्नागिरीच्या इस्पितळात होत्या आणि त्यांच्या घशाखाली पाणीही उतरत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी खुडत होते. "काकी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला... बरं काय, कपाळ? पण तोंडातून तेच निघालं. मग ओच्यातली पानं घेऊन आत गेले आणि नेहमीसारखी धुऊन उकळत ठेवली. वाडीतली माणसं जमू लागली तेव्हा घरभर तो कडवट वास भरून राहिला होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी चिपळूणहून लग्न होऊन या घरात आले, तेव्हा अंगणाच्या कडेला त्यांचा अडुळसा पुरुषभर उंच झालेला होता. मालगुंडहून, माहेरून येताना त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून चार फांद्या आणल्या होत्या, त्या खोचल्या आणि त्यांचंच कुंपण झालं. आमची जमीन कातळाची, वर माती जेमतेम वीतभर. पण हा पठ्ठ्या तगला. वैशाखात सड्यावरचं, त्या उघड्या माळावरचं, सगळं गवत करपून जातं तेव्हाही ह्याची लांबट, टोकदार पानं हिरवीगार. शेरडांनी आमची जास्वंद खाल्ली, अबोली खाल्ली, ह्याला मात्र कधी तोंड लावलं नाही. थंडीत ह्याला पांढरी फुलं येतात, आत जांभळ्या रेघा असलेली. मंदार लहानपणी ती उपटून देठाकडचा मध चोखायचा, आणि मेल्या, माश्यांनाही थोडा ठेव, म्हणून वहिनी त्याला दटावायच्या.

वहिनींच्या हाताला गुण होता. वाडीत कुणाला खोकला झाला की माणूस आधी आमच्या ओटीवर यायचं. मासे घेऊन येणारी हमीदा तर टोपली उतरवायच्या आधी काढा मागायची. पिकायला आलेली, पिवळसर झाक असलेली सात पानं, चार मिरी, आल्याचा तुकडा, गूळ, आणि आठ पेले पाणी आटवून एक पेला. ह्यात वहिनींना काडीचाही फरक चालत नसे. त्यांचा आणखी एक नियम होता. आपल्या हाताचा काढा आपल्याला लागू पडत नाही, म्हणून त्यांना स्वतःला खोकला झाला की काढा दुसऱ्याने करायचा. आधी सासूबाई करायच्या, पुढे भाऊजी करू लागले. मी पोस्टात नोकरीला, सकाळची एसटी गाठायच्या घाईत. माझी पाळी कधी आलीच नाही. त्यांच्या ह्या नियमाला मी हसायचे मात्र भरपूर.

सासूबाई गेल्या, भाऊजी गेले, मी निवृत्त झाले. गेल्या श्रावणात वहिनींना खोकला लागला, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "शुभा, आता तूच कर गो." खरं सांगते, मला त्या खोकल्याचं काही वाटलं नाही, मानच वाटला. तीस वर्षांत ह्या बाईने मला लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नव्हता! रोज चार वाजता मी पेला घेऊन त्यांच्यापुढे बसायचे. त्या तोंड वाकडं न करता एका दमात प्यायच्या आणि म्हणायच्या, आज हलकं वाटतंय. मी ते खरं मानत गेले. हमीदालाही मी ऐकवलं की आता गुण माझ्या हातात आलाय.

गणपतीला मंदार पुण्याहून आला. दोन दिवस आईचा खोकला ऐकून त्याने मला मागीलदारी बोलावलं आणि तिला डॉक्टरला दाखवून आण, असं सांगितलं. मी नेते म्हटलं. मग म्हटलं, पाऊस ओसरू दे. मग म्हटलं, भातकापणी होऊ दे, दिवाळी होऊ दे... कारणांना काय तोटा. खरं कारण वेगळंच होतं. डॉक्टरकडे नेणं म्हणजे माझ्या काढ्याला गुण नाही हे कबूल करणं, आणि ते मला नको होतं. त्यांचे गाल बसत चालले होते. मी मात्र काढ्यात गूळ थोडा वाढवला.

मार्गशीर्षात एका दुपारी पेला खाली ठेवताना त्यांनी पदर मुठीत दाबला. मी मूठ सोडवली तर पदर लाल. मग धावपळ, फोटो, तपासण्या. रोग दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. खोकला कधीपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. मी श्रावणापासून म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं.

शेवटची भेट त्या गेल्या त्याच्या दोन दिवस आधीची. मंदार खाली औषधं आणायला गेला होता. मी त्यांच्या पायांशी बसून म्हटलं, वहिनी, माझं चुकलं. त्यांना धाप लागत होती. त्यांनी जरा दम घेतला. मग म्हणाल्या, "मंदारला तू काही सांगू नको हां. मी बोलल्येय त्याच्याशी." मला वाटलं, घरादाराचं काही असेल.

ते काय होतं, ते मला तेराव्याला कळलं. जेवणाची पानं उठल्यावर मंदार माझ्याजवळ येऊन बसला. "काकी, तू मनाला लावून घेऊ नको. आईने सांगितलंय मला. तू रोज मागे लागायचीस, डॉक्टरकडे चला म्हणून. तीच हट्टाने गेली नाही." आणि तो माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आता अडुळसा फुलांनी भरलाय. कुणी मागायला आलं तर मी पानं देते, काढा देत नाही. आधी खोकला किती दिवसांचा ते विचारते. दुपारी चार वाजले की घर खायला उठतं. मंदार दर रविवारी फोन करतो, जेवलीस का, विचारतो. वहिनी खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. आज हलकं वाटतंय म्हणायच्या, तेही माझं मन राखायलाच असेल, असं आता वाटतं. जाताना तर त्यांनी माझा सगळा दोष स्वतःच्या पदरात घेतला. फोनवर तुला हे सांगायचं धैर्य मला होत नाही, मंदार, पण पेपरची ही पुरवणी तुझ्याकडे येते हे मला माहीत आहे, म्हणून इथे लिहिते. मी तुझ्या आईला डॉक्टरकडे चला असं एकदाही म्हटलं नाही.